पांढऱ्या साड्यांची सहल

आमच्या महिला मंडळाची सहल म्हटली की बस कामठीच्याच रस्त्याला लागते. एखाद्या वर्षी फारच हुरूप आला तर मनसर, आणि एकदा तर नागार्जुन टेकडी. सगळीकडे कार्यक्रम तोच: पांढऱ्या साड्या, मेणबत्त्यांचे पुडे, बुद्धवंदना, डबे, आणि अंधार पडायच्या आत घरी. मला त्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. मीही दरवर्षी गेले आहे आणि मनापासून गेले आहे. पण मंडळातल्या निम्म्या बायकांच्या लेकी कामठीत दिलेल्या आहेत. वंदना झाली की ही जावयाकडे पळते, ती विहिणीकडे. सहलीला म्हणून निघायचं आणि विहिणीच्या हातचा चहा पिऊन परत यायचं, याला सहल म्हणतात का, एवढाच माझा प्रश्न होता.

तो मी आषाढी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, विहारात, सगळ्यांसमोर विचारला. आमचे हे, देवराव, म्हणतात की माझ्या जिभेला हाड नाही. नसेल.

प्रश्नामागे मोनालीचा व्हिडिओ होता. मोनाली माझी धाकटी. रामदासपेठेत एका लॅबमध्ये आठवडाभर लोकांचं रक्त काढते आणि रविवारी मैत्रिणींबरोबर डोंगर चढायला जाते. पारशिवनीच्या पुढे जंगलात गारखोरी नावाचा धबधबा आहे, नागपूरहून बसनं दोनेक तास आणि मग तासाभराची चढण. तिथला व्हिडिओ तिनं मला दाखवला. उंच काळ्या दगडावरून पाणी कोसळत होतं आणि खाली पोरी उभ्या राहून खिदळत होत्या. मी तो इतक्यांदा पाहिला की देवराव म्हणाले, "अंजना, पाहून पाहून आटवशीन तू थे पाणी."

मला तिथं जायचं होतं. लग्न, मयत, बारसं, दवाखाना आणि वंदना, या पाच कामांशिवाय मी कधी नागपूरच्या बाहेर पडले नव्हते. मंडळातल्या बाकीच्याही, लग्न होऊन नागपुरात आल्यापासून, नाहीत. जिथं गेलो तिथं कोणाच्या तरी कामासाठी गेलो. आता साठी उलटली, पेन्शन मिळते, गुडघे कुरकुरतात पण चालतात. एकदा तरी नुसतं मजेसाठी जावं, भिजावं, हसावं आणि यावं, असं मला फार वाटत होतं.

पण मंडळात माझ्या वाटण्यानं काही होत नाही. मंडळ सुभद्राबाईंचं आहे. विहाराला टिनाचं छप्पर होतं तेव्हापासून त्या अध्यक्ष आहेत. वय सत्तरीचं, पाठ ताठ, आणि साडी अशी पांढरी की त्यांच्या शेजारी बसलेलीची आपोआप मळकी दिसावी. नीळ, खळ, इस्त्री, सगळं स्वतःच्या हातानं. एखादीची साडी पिवळट दिसली तर सुभद्राबाई बोलत काही नाहीत, त्यांची डावी भुवई फक्त वर जाते. ती बाई पुढच्या रविवारी नवी साडी नेसून येते. एकदा ती बाई मी होते.

"तिथं काय हाये?" त्यांनी विचारलं.

"पाणी."

"अन् दुसरं?"

"दुसरं काही नाही. वरून पाणी खाली पडते."

"नळाचंबी पडते," त्या म्हणाल्या, आणि सगळं विहार हसलं.

मला राग आला. राग आला की मी जास्त बोलते. मी म्हटलं, आपण आयुष्यभर कामाला गेलो, आता एक दिवस बिनकामाचं जाऊन पाहू, त्यानं कोणाचं काय बिघडणार आहे. पंचफुलाबाई, ज्यांना सहलीत फक्त डब्यांमध्ये रस असतो, त्यासुद्धा म्हणाल्या, "जाऊन पाहू नं एक डाव."

सुभद्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "चाल," त्या म्हणाल्या. "पण आयक अंजना. एवढ्या बायांले घेऊन तू जंगलात जाऊन राहिली. तिथं पाणी नसन, तं मंडळाची सहल पुन्हा कामठीच. दरवर्षी. अन् मंग त्याच्यावर तू तोंड उघडायचं नाही."

"कबूल," मी म्हटलं. मोनालीला विचारायच्या आधीच म्हटलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

कबूल केलं आणि पावसानं दडी मारली. रोज सकाळी मी गच्चीवर जाऊन आभाळाकडे पाहायची आणि आभाळ कसं धुऊन वाळत घातल्यासारखं कोरडं. दुपारी तर पंखा फुल करून बसावं लागे. देवरावांना चेष्टेला विषयच मिळाला. "बालटी नेजा संगं," ते म्हणाले. "वरून मोनाली ओतन, खाली तुम्ही उभ्या राहजा." मोनाली मात्र म्हणत होती, "आई, टेन्शन नको घेऊ. वर बोडी हाये, तिच्यातून नाला येते. पावसाळाभर थो झरना आटत नाही. थोडं कमी असन, पण असन." बोडी म्हणजे लहानसं तळं. त्या एका बोडीवर माझी अब्रू अडकली होती.

सहलीच्या दिवशी पहाटे बस विहारासमोर उभी राहिली आणि मोनालीनं कपाळावर हात मारला. मी सगळ्यांना चार-चारदा बजावलं होतं की जुनी साडी नाहीतर पंजाबी ड्रेस घाला, चढायचं आहे, चिखल असेल. रांगेनं सगळ्या पांढऱ्या साडीत उभ्या होत्या. सहल म्हणजे पांढरी साडी, हे इतक्या वर्षांत हाडात मुरलेलं. शिवाय प्रत्येकीच्या पिशवीत मेणबत्त्या, अगरबत्त्या, दोघी-तिघींकडे हार. साड्यांखाली नातवांचे स्पोर्ट शूज. पंचफुलाबाईंच्या नातवाच्या बुटांना टाचेत लाल दिवे होते, पाऊल टाकलं की लागायचे.

"आई, तूबी?" मोनाली म्हणाली.

मी खाली पाहिलं. पहाटे दिवा न लावता कपाटात हात घातला होता, आणि हात जिथं जायचा तिथंच गेला होता. मीही पांढऱ्यातच होते. "तू बस मोजून घे बायांले," मी म्हटलं, "माह्याकडे पाहू नको."

गारखोरीचा रस्ता नेमका कामठीवरूनच जातो. वळण आलं तशी बसमधली गाणी आपोआप बारीक झाली. ड्रायव्हर विक्कीनं सवयीनं इंडिकेटरही लावला होता. सुभद्राबाई खिडकीतून बाहेर पाहत म्हणाल्या, "इथं उतरलो असतो तं आतापर्यंत वंदना झाली असती." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पंचफुलाबाईंनी पहिला डबा कन्हानच्या पुलावर उघडला.

पायथ्याच्या गावात बस थांबली आणि आम्ही चालायला लागलो. सागाचं जंगल, पायाखाली पानांचा थर, मधूनच लाल माती. सुरुवातीला बायका साड्या चिमटीत धरून चालत होत्या. मग एकीनं ओचा खोचला, तिचं पाहून दुसरीनं. दम लागला की थांबायचं, आणि थांबलं की कोणीतरी कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलायचं. एक बाई म्हणाली, माझा बीपी घरी वाढते, इथं नाही वाढून राहिला. त्यावर सगळ्या इतक्या हसल्या की दोघींना झाडाला धरून उभं राहावं लागलं. मला वाटलं, झालं, जिंकलो. सुभद्राबाईसुद्धा काठी टेकत बिनतक्रार चढत होत्या. माझं मन हलकं हलकं झालं होतं.

पण मोनाली पुढे जाऊन थांबली होती आणि कान देऊन काहीतरी ऐकत होती.

"काहून वं?"

"आई, इथपर्यंत आवाज यायले पाह्यजे," ती हळूच म्हणाली. "झरन्याचा."

आवाज कसलाच नव्हता. झाडांतून बाहेर आलो तर समोर तोच काळा दगड, व्हिडिओत पाहिलेला, तेवढाच उंच. त्याच्यावरून ओली रेघ खाली आली होती, आणि रेघेच्या टोकाला थेंब. एक पडला. मग जरा वेळानं दुसरा. खालच्या कुंडात हिरवट पाणी साचलेलं, त्यात एक बेडूक.

"हाच काय?" पंचफुलाबाईंनी विचारलं. कुजकेपणानं नाही, खरंच विचारलं. म्हणून जास्त लागलं.

नळाबद्दल बोलायची ही नामी संधी सुभद्राबाईंनी सोडली. पिशवीतून पेपर काढला, साडीला डाग लागू नये म्हणून दगडावर पसरला, आणि ताठ पाठीनं बसल्या. बाकीच्या त्यांच्याकडे पाहून कुठं कुठं बसल्या. कोणी मला दोष दिला नाही. एकीनं तर मला चकली दिली. ती चकली हातात धरून मी उभी होते आणि मला रडू येत होतं. साठी उलटलेल्या बाईनं धबधब्यासाठी रडावं का? पण मला यायलाच लागलं. पुढची सगळी वर्षं मला दिसत होती: बस, कामठी, विहिणी, चहा.

तेवढ्यात वरून आवाज आला. पाण्याचा नाही, बायकांचा. कोणीतरी वर, दगडाच्या माथ्यावर, बोलत होतं.

"दगड ओला हाये, आई," मोनाली म्हणाली. "काल-परवापर्यंत पाणी होतं याच्यावर. गेलं कुठी मंग?"

रडू जिथल्या तिथं थांबलं आणि त्या जागी राग आला. "चाल," मी म्हटलं, "विचारू तं खरं, कुठी गेलं थे." बाजूनं एक पायवाट वर जात होती. मी पुढे, मोनाली मागे, आणि वळून पाहिलं तर सगळं मंडळ येत होतं. अध्यक्षबाईही आल्या. एकट्या बेडकाजवळ बसून त्या काय करणार होत्या?

वर पोचलो आणि मला पाणी सापडलं. वर सगळं सपाट होतं आणि धानाची बांधीमागून बांधी पसरली होती, एकेक तुकडा बांधानं वेढलेला. नाल्यात दगड, माती आणि पोती टाकून चांगला कमरेएवढा आडवा बांध घातला होता. सगळं पाणी बाजूच्या चारीनं शेतात वळवलेलं. तिथं गुडघाभर चिखलात चार-पाच बायका वाकून रोवणी करत होत्या, म्हणजे धानाची कोवळी रोपं, इकडचे पऱ्हे, एकेक करून चिखलात खोचत होत्या.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी नोकरी केली ती पाटबंधारे खात्यात, टायपिस्ट म्हणून. पाणी कुठल्या कालव्याला सोडायचं, कुठं अडवायचं, याची हजारो पत्रं माझ्या हाताखालून गेली. आणि श्रावणात उघाड पडली की लोक पाणी अडवतात, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. देवरावांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

बांधीतली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शेताच्या कडेला, धुऱ्यावर, ओळीनं पांढऱ्या साड्या उभ्या पाहून ती चांगलीच दचकली असावी.

"नर्सबाया हाये काय वं तुम्ही?" ती म्हणाली. "आमच्या सुया टोचून झाल्या, मांगच्याच महिन्यात."

तिचं नाव कौतिका. चाळिशीची, सडपातळ, हात चिखलानं कोपरापर्यंत भरलेले. आम्ही नर्स नाही, झरना पाहायला आलो, असं मी सांगितलं. तिला वाईट वाटलं. "आठ दिवस झाले, पाण्याचा टिपूस नाही बाई," ती म्हणाली. "पऱ्हे म्हातारे होऊन राहिले. लावले नाही तं वाया जाते. म्हणून नाला बांधला. ही एकच बांधी राह्यली आता. ही झाली का बांध फोडतो. संध्याकाळी या, मस्त पडन."

संध्याकाळी. बस चारला निघायची होती. जंगलातून अंधारात एवढ्या बायका उतरवणं शक्यच नव्हतं. आणि धानाच्या तोंडचं पाणी तोडून माझ्या अंगावर घ्यायला मी कोण? मी नुसती मान हलवली आणि सुभद्राबाईंकडे वळले. हरले म्हणून सांगायचं तर त्यांच्या तोंडावर सांगावं.

त्या माझं ऐकतच नव्हत्या. त्या बांधीकडे पाहत होत्या.

सुभद्राबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही पवनीकडचं, धानाच्या मुलखातलं. हे मला कानावरून माहीत होतं, आणि एकदा त्यांनीच थोडंसं सांगितलं होतं. नवरा लवकर गेला. पदरात लहान पोरगा. दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवण्या करायच्या, आणि तहान लागली की मालकाच्या घरचं कोणीतरी उंचावरून ओंजळीत पाणी ओतायचं. एक दिवस पोराला घेऊन नागपूरला आल्या. दवाखान्यात आया म्हणून लागल्या, पोराला इंजिनिअर केलं, आणि ठरवलं की यापुढे पायाला चिखल लागू द्यायचा नाही. त्या पांढऱ्या साडीमागे एवढं सगळं होतं. म्हणूनच त्यांच्या भुवईचा कोणी राग धरत नसे.

कौतिका वर आली. धुऱ्यावर झाडाखाली तिची कळशी होती. हात धुऊन तिनं तांब्या भरला आणि सगळ्यांत मोठ्या म्हणून सुभद्राबाईंपुढे धरला. "पाणी प्या माय. लय चढून आल्या तुम्ही."

ओंजळीत ओतलं नाही, तांब्याच हातात दिला. सुभद्राबाई प्यायल्या, पण तांब्या त्यांनी लगेच परत केला नाही.

"वावर कोणाचं वं हे?" त्यांनी विचारलं.

"माहंच. सातबारा माह्या नावानं हाये."

"अन् बाया एवढ्याच?"

"भेटतच नाही जी. सगळ्याइच्या रोवण्या एकाच टायमाले."

सुभद्राबाईंनी तांब्या खाली ठेवला. मेणबत्त्यांची पिशवी झाडाला अडकवली. बूट काढले, मोजे काढून त्यांत नीट घडी करून ठेवले. मग ती खळ घातलेली, कडक इस्त्रीची साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्यांनी कासोटा मारला. आवाज आला कडकड.

"सुभद्राबाई, साडी," मी म्हटलं.

"दिसून राहिली मले साडी," त्या म्हणाल्या. "तू पऱ्ह्याची पेंढी दे."

आणि उतरल्या. पहिलं पाऊल चिखलात गेलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या, डोळे मिटून. मी घाबरले. मग त्या वाकल्या आणि त्यांचे हात चालायला लागले. सत्तरीची बाई, पण हात काही सत्तरीचे नव्हते. एक ओळ पुरी करून त्यांनी वर पाहिलं आणि मंडळाकडे पाहून भुवई वर केली.

मंडळाला एवढं पुरे असतं. कोणी उमरेडकडची, कोणी भंडाऱ्याची, निम्म्या बायकांची लहानपणं बांधीतच गेलेली. साड्या खोचल्या गेल्या, बूट रांगेनं धुऱ्यावर लागले, आणि बघता बघता बांधी भरली. माझ्यासारख्या नागपुरात जन्मलेल्यांची मात्र फजिती झाली. मी एक रोप लावायची, ते उताणं पडायचं. सुभद्राबाई शेजारून म्हणाल्या, "अंजना, थे झोपवू नको. त्याले उभं राहायचं हाये." मोनाली सुरुवातीला व्हिडिओ काढत होती. मग फोन झाडाच्या खोबणीत ठेवून तीही उतरली, आणि उतरल्या उतरल्या बसली. पंचफुलाबाई तिला उठवायला गेल्या आणि त्याही बसल्या. त्यांचं वजन पाहता त्यांना काढायला चौघी लागल्या.

मग गाणं सुरू झालं. कोणीतरी पंचफुलाबाईंच्या दिव्याच्या बुटांवर एक ओळ रचली, दुसरीनं त्याला जोडून दिली, आणि कौतिकाच्या बायकांनी आपल्या चालीवर ती उचलली. बुटावरून गाणं माझ्या धबधब्यावर आलं. थेंबाथेंबानं पडणारा झरना दाखवायला अंजनाबाई आम्हाला जंगलात घेऊन आली, असा त्याचा अर्थ होता. मी खोटा राग आणला. खरं म्हणजे मी इतकी खूश होते की मला धबधब्याची आठवणही राहिली नव्हती. पाठ मोडली होती, नखांत चिखल होता, आणि एवढं हसल्याचं मला आठवत नाही.

शेवटची पेंढी संपली. सगळ्या सरळ उभ्या राहिलो आणि मागे पाहिलं. अख्खी बांधी हिरवी झाली होती. माझ्या ओळी कुठल्या, हे लांबूनही ओळखू येत होतं.

कौतिका फावडं घेऊन आली. मोनालीनं लगेच सूत्रं हातात घेतली. पहिल्या पाण्याबरोबर दगड-काटक्या येतात, म्हणून सगळ्यांनी खाली जाऊन कुंडापासून लांब, झाडांजवळ उभं राहायचं. मोजून झालं की ती खालून शिट्टी मारेल, मगच बांध फोडायचा. बायका शहाण्या मुलींसारख्या खाली गेल्या. वर राहिलो मी, कौतिका आणि सुभद्राबाई.

कौतिकानं फावडं सुभद्राबाईंपुढे केलं. "माय, तुम्ही फोडा. तुम्ही आल्या म्हणून झाली बांधी."

सुभद्राबाईंनी ते घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "सहल हिची हाये," त्या म्हणाल्या. "पाणी हीच सोडन."

खालून शिट्टी आली. मी फावडं मारलं. एकदा, दोनदा. माती हलली, एक पोतं सरकलं, आणि बाजूनं पाण्याची जीभ बाहेर आली. कौतिकानं पायानं एक दगड ढकलला आणि मग थांबवून थांबणार नाही असं पाणी धावलं. आमच्या पायांजवळून, दगडावरून, कड्याच्या टोकापर्यंत, आणि खाली. एवढ्या वर्षांत पाणी सोडायचे किती आदेश मी टाइप केले असतील. पाणी मात्र पहिल्यांदाच सोडलं. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग खालून तो आवाज आला, आणि त्यामागून आमच्या मंडळाचा.

मी आणि सुभद्राबाई हात धरून खाली उतरलो. तोवर गढूळ पाणी जाऊन स्वच्छ यायला लागलं होतं. मोनालीनं जागा दाखवून दिली, इथपर्यंतच, पुढं कोणी जायचं नाही. आणि त्या जागेत बायकांनी धुडगूस घातला होता. कोणी डोक्यावर पाणी घेत होती, कोणी नुसतीच तोंड वर करून उभी होती. पंचफुलाबाईंनी एका हातात डबा उंच धरला होता. मी गेले आणि पाण्याखाली उभी राहिले. ते डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर बदाबदा पडत होतं आणि इतकं गार होतं की श्वास घेता येईना. मी मोठ्यानं हसले. व्हिडिओत यातलं काहीच नव्हतं.

सुभद्राबाई काठावर उभ्या होत्या. कमरेपर्यंत चिखल. "साडी तेवढी धुऊन घेतो," त्या कोणाला तरी म्हणाल्या, आणि आल्या. साडी धुवायला फार तर पाच मिनिटं लागतात. त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या. केस सुटले, पदर पाण्यानं जड होऊन खाली आला, तो त्यांनी सावरला नाही. आणि मग त्या हसायला लागल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. बारीक, पोरीसारखं होतं.

निघताना बूट-पिशव्या घ्यायला पुन्हा वर गेलो, तेव्हा मेणबत्त्यांचे सगळे पुडे कौतिकाला दिले. त्यांच्याकडे लाइट रोजच जाते. हारांचं काय करायचं ते कळेना, तेव्हा तेही तिच्याच आणि तिच्या बायकांच्या गळ्यात घातले. सत्कार झाल्यासारख्या त्या लाजल्या.

बसपाशी विक्कीनं आमच्याकडे पाहिलं. "मावशी, जाताना तुम्ही पांढऱ्या होत्या नं?" तो म्हणाला, आणि सीटवर टाकायला पेपर शोधायला लागला.

परतीला सगळ्या झोपल्या. कामठीचं वळण आलं आणि गेलं. सुभद्राबाई जाग्या होत्या. मला राहवेना. "मंग?" मी विचारलं. "पाणी होतं की नव्हतं?"

"आपण पोचलो तवा नव्हतं," त्या म्हणाल्या. "रविवारी सांगीन."

तो आठवडा माझा कसा गेला ते मलाच माहीत. शब्दाच्या त्या पक्क्या. पोचल्यावर पाणी नव्हतं, हे खरंच होतं. एकीकडे मी साडी घासत होते. लिंबू झालं, सोडा झाला, देवरावांनी सांगितलेलं काय काय झालं. गुडघ्याखालचा तो मातकट रंग काही जाईना. शेवटी ती साडी फडक्यांत टाकली आणि रविवारी दुसरी नेसून विहारात गेले. सगळ्यांनी तेच केलं होतं. रांगेनं पांढऱ्याशुभ्र बसल्या होत्या, एकमेकींकडे पाहून गालात हसत होत्या.

सुभद्राबाई आल्या. तीच साडी. धुतलेली, नीळ दिलेली, खळ घातलेली, कडक इस्त्रीची, आणि गुडघ्यापासून खाली सगळी मातकट. त्या नेहमीसारख्या ताठ पाठीनं चालत पहिल्या रांगेत गेल्या आणि बसल्या. कोणाची भुवई वर गेली असेल तर ती आमची.

वंदना झाली. रोशनी म्हणून विहारात एक नवी सून येते, सहलीला ती आली नव्हती. तिनं हळूच सांगितलं, "मावशी, साडीले खाली डाग राह्यला जी."

"माहीत हाये," सुभद्राबाई म्हणाल्या. "मीच ठेवला."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"अंजना, पुढच्या वर्षीची बस आतापासूनच सांगून ठेव," त्या म्हणाल्या. "अन् तारीख कौतिकाले विचारून घे. रोवणी हुकाले नको."